आमचे साडू गिटार शिकतात

जगात कुणाचंही शिष्यत्व पत्करायला एका पायावर तयार असलेला आणि तरीही कुणाचं एक अक्षर ऐकून न घेणारा असा एकच माणूस मी आजवर पाहिला आहे, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. राजेश्वर गावच्या मराठी शाळेत पोरांना पाढे आणि कवायत शिकवता शिकवता त्यांची हयात गेली. निवृत्ती शिकवण्यातून मिळते, शिकण्यातून नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून निवृत्त झाल्याबरोबर त्यांनी गादीवाल्या चाचांकडून उर्दू अक्षरं गिरवून घेतली, शेजारच्या तेलुगू सुनेकडून आंबाडीची चटणी शिकून घेतली, आणि दोन्हीपैकी काहीही धड आलेलं नसताना दोघांनाही गुरुपौर्णिमेला नारळ नेऊन दिला. तेव्हापासून साडू दुकानावरून जायला लागले की चाचा बिचारे हातातली सुई टाकून उभे राहतात.

पण गिटारचं प्रकरण हौसेचं नव्हतं. साडूंची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्या अक्का, महादेवाच्या देवळात दर सोमवारी भजन म्हणायच्या. आवाज असा की चपला घालून निघालेला माणूस पुन्हा चपला काढून बसायचा. त्यांना पेटीची साथ करणारे म्हातारे अप्पा गेल्या वर्षी वारले. मंडळ चालूच राहिलं, टाळही वाजत राहिले. अक्का मात्र ‘सूर धरायला कुणी न्हाई’ म्हणून घरी बसल्या. बरं, देवळात नाही तर नाही, त्यांचं भाकरी थापतानाचं गुणगुणणंही बंद झालं. साडू एकदा माझ्याकडे भालकीला आले, चहाचा कप तसाच ठेवून म्हणाले, “पाव्हणं, घर गप झालंय हो. मला करमायलाच न्हाई.”

पेटी अप्पांच्या लेकाने आपल्या गावी नेली होती. साडूंच्या घरात वाजण्यासारख्या वस्तू दोनच, कुकर आणि गिटार. वरच्या खोलीत भाड्याने राहणारा बँकेतला साहेब बदली होऊन जाताना ही गिटार मागे सोडून गेला होता. साडूंनी ती धूळ झटकून खाली आणली, मोबाइलवर व्हिडिओतून गिटार शिकवणारा हैदराबादचा एकजण शोधून काढला आणि अक्कांना जाहीर सांगितलं, “पुढच्या श्रावणात तुम्ही गायचं. सूर मी धरतो.” अक्का म्हणाल्या, “आधी ती काखेत कशी धरायची ते तरी बघा.”

शिकवणारा जेमतेम पंचविशीचा, केसांची शेंडी बांधलेला, हिंदीत तेलुगू कालवून बोलणारा. साडूंनी त्याला गुरू मानलं, आणि मानलं म्हणजे मानलं. मोबाइल चौरंगावर, साडू खाली चटईवर, आधी उदबत्ती, नमस्कार, मगच धडा. आणि धडा चालू असताना तो मध्येच थांबवायचा नाही. “गुरू बोलायलेत, मधीच त्यांचं तोंड दाबायचं व्हय?” गुरू आपल्या वेगाने पुढे निघून जायचा, साडूंचं दुसरं बोट अजून तारेचा पत्ता शोधत असायचं. मग सगळा धडा पुन्हा पहिल्यापासून. त्या पोराचं सुरुवातीचं स्वागताचं भाषण अक्कांना पाठ झालं. कुणी पाव्हणा दारात आला की त्या तेच तेलुगू-हिंदीत म्हणून दाखवायच्या. मध्ये जाहिरात लागली की गुरू चहाला गेले असं समजून साडूही चहा घ्यायचे. ‘कल का प्रॅक्टिस किये ना?’ असं तो सवयीने विचारायचा, त्यावर साडू हात जोडून खरं उत्तर द्यायचे, “न्हाई गुरुजी, काल सोयाबीनची रास व्हती.” पुढे पुढे तर सराव झाला नसेल त्या दिवशी ते मोबाइलच उघडेनात. कुठल्या तोंडाने समोर बसायचं?

एकदा त्या पोराने सांगितलं की शंका असेल तर खाली लिहा. साडूंनी ‘सादर साष्टांग प्रणाम’पासून ‘आपला आज्ञाधारक’पर्यंत ऐसपैस मराठीत शंका लिहिली. उत्तरादाखल नुसतं जोडलेल्या हातांचं चित्र आलं. साडू दिवसभर बेचैन. “गुरूनं आधी हात जोडले, हे बरं झालं न्हाई,” एवढंच घोकत होते.

तर असे सहा-सात महिने गेले. बोटांना घट्टे पडले. साडू ते पाहुण्यांना सुपारीच्या आधी दाखवायचे. तारांचे नंबर त्यांनी पाढ्यांसारखे पाठ केले होते, त्यामुळे सूर बरोबर यायचा. पण त्या सुरापर्यंत पोचताना त्यांचं मनगट असं काही पिळवटायचं की बघणाऱ्याने आपलं मनगट चोळावं. एवढ्या खटाटोपात त्यांना दोन कॉर्ड आले. कॉर्ड म्हणजे काही तारा एकदम दाबून काढलेला सूर. एकावरून दुसऱ्यावर जाईपर्यंत मात्र मधे भाकरी भाजून व्हावी.

आणि मग खटकचिंचोळीला सोयऱ्यांकडचं लग्न आलं. तिथे वाजवायला बिदरची पार्टी होती, त्यात एक गिटारवाला. जेवणाच्या सुट्टीत साडू त्याच्याकडे गेले, अदबीने त्याची गिटार मागून घेतली आणि मांडीवर ठेवली. तो बघतच राहिला. म्हणाला, “चाचा, ये उल्टा पकडे आप.”

खरंच उलटी होती. गिटारची मान, म्हणजे तिची लांब दांडी, वाजवणाऱ्याच्या डावीकडे असायला हवी, ती साडूंच्या उजवीकडे. साडू शांतपणे म्हणाले, की गुरू समोर बसून जसं दाखवतात अगदी तसंच मी धरतो. त्यांचा हिशेब सरळ होता. पोरांसमोर उभं राहून कवायत घेणारा मास्तर तोंडाने ‘उजवा हात वर’ म्हणतो आणि स्वतः डावा वर करतो, म्हणजे समोरच्या पोरांना आरशात बघितल्यासारखं सोपं जातं. साऱ्या हयातीत साडूंनी पोरांसमोर आपला उजवा हात उजवा म्हणून उचलला नव्हता. तेव्हा हैदराबादचे गुरूही शिष्यांच्या सोयीसाठी उलटे होऊनच शिकवत असणार, याबद्दल त्यांना कधी शंकाच आली नाही. गिटारवाला म्हणाला, “नै चाचा. वो अपना सीधाइच बजा रा.” आजूबाजूचे सोयरे पोट धरून हसले. खरं सांगायचं तर मीही हसलो.

परतताना जीपमध्ये साडू आपल्या बोटांचे घट्टे चोळत होते. मग म्हणाले, “पाव्हणं, शिकवणारानं उलटं व्हायाचं असतंय. शिकणाराला कसं जमंल ते? ह्यांनी कामून केलं न्हाई?” सोयरे हसल्याचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं. गुरूने आपल्यासाठी हात बदलला नाही, हे लागलं होतं.

घरी आल्यावर गिटार पंच्यात गुंडाळून माळ्यावर गेली. पहिल्यापासून सुरू करायचं हे वय नाही, म्हणाले. चौरंग देवघरात परत गेला. श्रावण तोंडावर आला होता, आणि त्या घरात आता दोन माणसं गप होती. मी एकदा जाऊन आलो. पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी मी आणि माझी बायको राजेश्वरला गेलो, तेव्हा अक्का स्टुलावर चढून माळ्यावरून गिटार काढत होत्या. त्यांनी ती आणून साडूंच्या मांडीवर ठेवली. मान उजवीकडे, साडू धरायचे तशीच.

“उलटी हाय ती,” साडू म्हणाले.

“मी काय तुमचा हात बघायलेय का? मला सूर पायजे. सहा महिने कानावर पडायलाय, बंद झाला तर मलाच करमायला न्हाई.”

“मला दोनच येतेत.”

“दोन लई झाले. उठा, मंडळ वाट बघायलंय.”

देवळात बायकांनी पदर तोंडाला लावले, पण साडूंनी पहिला कॉर्ड छेडला आणि अक्कांनी तोंड उघडलं, तेव्हा पदर खाली आले. आवाज होता तसाच होता. मला वाटलं होतं, दुसऱ्या ओळीला घोळ होणार, कारण तिथे कॉर्ड बदलायचा होता आणि साडूंची बोटं काही वेळेत पोचणार नव्हती. ती पोचली नाहीतच. पण अक्कांनी ओळीतला शेवटचा स्वर सोडला नाही. साडू मनगट पिळवटत, ओठ चावत तारा शोधत होते, आणि अक्का तो एक स्वर निवांत धरून होत्या, जणू चाल मुळात अशीच आहे. पेटीवाल्या अप्पांनी त्यांना असं कधी थांबवलं नव्हतं, आणि अप्पांच्या साथीत मी त्यांना इतकं सुंदर गाताना कधी ऐकलंही नव्हतं.

साडूंनी मागाहून हैदराबादला लिहून कळवलं, की पुढील धडा कृपया उलटे बसून घ्यावा. उत्तर आलेलं नाही. भजन मात्र दर सोमवारी होतं. मंडळातल्या बायकांनाही आता सवय झाली आहे. कॉर्ड बदलायची वेळ आली की त्या टाळ थांबवतात, आणि साडूंचं शेवटचं बोट तारेवर टेकलं की अक्का त्यांच्याकडे न बघताच पुढची ओळ उचलतात.