बसच्या पुढे धावणाऱ्या इंदूताई

इंदूताई वाडेकर यांच्याआधी मी त्यांची बॅग पाहिली. चाकणच्या कंपनीत मी नवीनच लागले होते. मोटारगाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायचं आमचं काम आणि लाइनवर बहुतेक बायकाच. फर्स्ट शिफ्टची बस संत तुकाराम नगरहून निघून दिघीला यायची, तिथे मी चढायचे. पहिल्याच दिवशी स्टॉपवरच्या दूधवाल्याने माझ्या मागोमाग एक निळी बॅग ड्रायव्हर बबनरावांच्या हातात दिली. बॅग चढली, माणूस काही चढलं नाही आणि बस सुटली. मी परभणीकडची, मला गप्प राहवत नाही. शेजारणीला म्हटलं, "कामून ओ? बॅगवालीला घ्यायचं राहिलं की!" ती जांभई देत म्हणाली, "ती फुडं गेली."

आळंदीच्या अलीकडे अंधारातच बस थांबली. ओढणी कमरेला गच्च आवळलेल्या, घामाने निथळणाऱ्या एक बाई चढल्या, बबनरावांकडून बॅग घेतली आणि मागे जाऊन बसल्या. बसल्या म्हणजे टेकल्या. पाय हलतच होते. मी हळहळले, "बिचारीची बस चुकली वाटतं, पळत गाठली." शेजारीण खो खो हसली. "तिची न्हाई चुकत बाई. बसच तिच्या मागं असती."

तर या इंदूताई. त्यांच्या एकसष्टीनिमित्त हा गौरवग्रंथ निघतो आहे आणि संपादक मंडळाने मला ताईंच्या कार्याचा परामर्श घ्यायला सांगितलं आहे. एका जागी बसून परामर्श घेणं मला कधी जमलेलं नाही. हे लिहितानाही मी सारखी उठते आहे, गॅलरीत जाते आहे, परत येते आहे. ताईंच्या सहवासाचा परिणाम म्हणा.

ताईंची पद्धत अशी होती. घरातून निघताना हातात बॅग, पायात चपला, बघणाऱ्याला वाटावं बाई कामाला चालल्या. स्टॉपवर दूधवाल्याचं खोपटं तेवढं उघडलेलं असे. तिथे चपला काढून त्या आदल्या दिवशी ठेवलेले बूट चढवत, बॅग त्याच्या हवाली करत आणि आळंदीच्या दिशेने सुटत. मागून बस येई. ती जिथे गाठेल तिथे थांबायचं, चढायचं, कंपनीच्या चेंजिंग रूममध्ये तोंडहात धुऊन युनिफॉर्म घालायचा आणि भोंगा व्हायच्या आत लाइनवर उभं राहायचं. लांब पल्ल्याचा दिवस असला की त्या इतक्या लवकर निघत की आळंदी मागे पडून चाकणचा रस्ता लागला तरी बसचा पत्ता नसे. रस्त्यातल्या कुत्र्यांसाठी ओढणीच्या टोकाला शिळ्या भाकरीचे तुकडे बांधलेले असत. घरी सासूबाई, मुलगा, सून, यजमान नाना, सगळ्यांना एकच ठाऊक होतं, की कंपनीची बस फार लवकर येते. दिघीतल्या जुन्या घरातली सून कारणाशिवाय अंधारात रस्त्यावर पळते, हे कुणाला सांगून पटलं असतं?

कामातही ताईंचा हाच जीव. लाइन बंद पडली की आम्ही बायका भिंतीला टेकायचो, ताई चकरा मारायच्या. चहा उभ्याने. सुपरवायझर झाल्यावर त्यांना टेबलखुर्ची मिळाली, तर खुर्चीवर कायम टेस्टिंगला आलेले जुडगे पडलेले. एकदा मोठ्या साहेबांनी विचारलं, "इंदूताई, तुम्ही बसत का नाही?" ताई म्हणाल्या, "बसले की डोकं चालाया लागतं सायेब, मग लय तरास व्हतो." साहेब हसले. मला मात्र ते अगदी आतून कळलं, कारण त्या दिवसांत माझंही डोकं असंच चालत होतं.

माझ्या नवऱ्याची कंपनी बंद पडली होती. ते दिवसभर घरात भिंतीकडे बघत बसायचे, बोलायचे नाहीत. मी रात्र रात्र टक्क जागी. लाइनवर चुका व्हायच्या. एकदा मी एकाच जुडग्याला दोनदा टेप गुंडाळली, ती ताईंनी पाहिली. रागावल्या नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "झोप येत न्हाई ना तुला? मग लोळत कशापाई पडती? उद्या पहाटं दूधवाल्याच्या खोपटाशी ये. बूट न्हाईत? मग चपलांवर ये, पन ये." मी गेले. दिघीचा चढ संपेपर्यंत मला दम लागून रडू फुटलं. ताई थांबल्या नाहीत, सांत्वनही केलं नाही, माझ्याभोवती गोल गोल पळत राहिल्या आणि म्हणत राहिल्या, "रड की, पन पाय हालव." त्या रात्री मला कित्येक महिन्यांनी झोप लागली. पुढे नवऱ्याला भोसरीत काम लागलं, घर सावरलं, पण त्या दिवसांत मी वेडी झाले नाही ते ताईंमुळे. हे मी त्यांना तोंडावर कधी सांगितलं नाही, इथे सांगते. मागाहून लाइनवरची लताही आली आणि आम्ही तिघी झालो.

आता तो प्रसंग सांगायलाच हवा. कंपनीत तो अजूनही मीठमसाला लावून सांगतात, म्हणून खरा कसा घडला ते लिहिते.

त्या दिवशी बबनराव रजेवर होते. बदली ड्रायव्हर नवखा. दूधवाल्याने नेहमीप्रमाणे आमच्या तिन्ही बॅगा वर दिल्या आणि सांगितलं, "बाया फुडं हायेत." त्या भल्या ड्रायव्हरला वाटलं, पुढच्या स्टॉपवर आहेत. पण दिघीच्या पुढे रस्ता खणून ठेवलेला. लहान गाड्यांपुरती वाट होती, बसला नव्हती. बसमधल्या बायका पेंगत होत्या, त्याने बस वळवली आणि भोसरी, मोशी करत हायवेने थेट चाकण गाठलं. आम्ही तिघी आळंदीच्या पुढे पळतोय, पळतोय, आणि मागे बस नाही! उजाडलं तरी बस नाही. लता म्हणाली, "ताई, आज आपण लय जोरात पळालो का काय?" मी म्हटलं, "अगं येडे, इतकं जोरात कुणी पळतं का?" फोन तिघींचेही बॅगांत.

तिकडे बॅगा वेळेवर कामावर हजर आणि माणसं गायब. गेटवरचा वॉचमन घाबरला. त्याने ताईंच्या फोनवरून घरचा नंबर लावला. नानांनी उचलला. "बाई बसमधे नाहीत, नुसती बॅग आलीय," एवढंच त्याने सांगितलं. काय झालं असेल त्या घरात! नाना मोटारसायकलवर, भावकीतली माणसं दोन गाड्यांत, सगळे रस्ता धुंडाळत निघाले. दूधवाल्याला गाठलं, तेव्हा त्याने खरं ते सांगून टाकलं.

आम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. घामेजलेल्या, पायात बूट, केस विस्कटलेले. मोटारसायकल येऊन थांबली. नानांचा चेहरा पांढरा पडला होता.

"हितं काय करतीस?"

"बसची वाट बघती," ताई म्हणाल्या.

"पळत?"

"व्हय. रोज."

मागच्या गाडीतून उतरलेले एक चुलत दीर पुढे झाले. "वहिनी, ह्ये शोभतं का? मानसं काय म्हनतील?" ताईंची मान खाली गेली. लाइनवर साहेबांसमोर न झुकणारी मान खाली गेलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली आणि माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात नानाच म्हणाले, "कामालाच निघाली हाय ना? मग ती पळत जाऊ दे न्हाई तर उडत. चला, कंपनीत सोडू यांना, उशीर झालाय."

गेटवर ताईंनी साहेबांना सांगितलं, "मी नेल्या पोरींना. अर्धा दिवस माझा कापा, त्यांचा नको." त्यांचाच कापला गेला. पण दुसऱ्या दिवसापासून ताईंचे बूट दूधवाल्याच्या खोपट्यातून घराच्या उंबऱ्याशी आले. ड्रायव्हर कोण आहे ते रोज संध्याकाळी विचारून घ्यायचं, एवढा एक नवा नियम लागला आणि आमचं पळणं उजळ माथ्याने सुरू झालं. सून कामाला जाते, पळत जाते. घरादाराने ते मानलं. आम्हाला वाटलं, जिंकलो.

जिंकलो नव्हतो, हे ताई निवृत्त झाल्यावर कळलं.

निरोपसमारंभ झाला, शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. दुसऱ्या पहाटे मी आणि लता स्टॉपवर उभ्या. ताई आल्या नाहीत. वाटलं, समारंभाचा शीण असेल. मग आठवडा गेला. मग महिने गेले. या ग्रंथाच्या निमित्ताने मी त्यांच्या घरी गेले, तर ताई घरापुढच्या ओट्यावर बसून मटार सोलत होत्या. बसून! सोललेल्या दाण्यांपेक्षा खाली सांडलेलेच जास्त. रात्री झोप नाही, जेवण नाही, सुनेच्या प्रत्येक कामात लुडबुड, सून मेटाकुटीला आलेली. मी विचारलं, "गुडघा दुखतोय का? डॉक्टर नको म्हणाले का?"

"न्हाई गं. मला काय धाड भरलीय?"

"मग?"

ताईंनी सांडलेले दाणे गोळा केले. मग दाराकडे बघत हळूच म्हणाल्या, "आता बस कुठं हाय? अंधारात निघाली आन् कुनी इचारलं, कुठं चालली, तर काय सांगू? बिनकामाची पळती म्हनून सांगू? येडी म्हनतील."

मला इतका संताप आला! ताईंचा नव्हे, कुणाचा ते अजून नीट कळत नाही. दिघीच्या मैदानावर पुरुषमाणसं पहाटे पळतात, त्यांना कुणी विचारतं का, दादा, काम काय काढलंत? पोट कमी करतोय म्हणतात आणि विषय संपतो. आणि ज्या बाईंनी उन्हाळा-पावसाळा न बघता आधी घरच्या भाकऱ्या थापल्या, मग पळाल्या, मग दिवसभर लाइन सांभाळली, त्यांना स्वतःच्या पायांसाठी एक कारण उरू नये? सांगा मला.

या ग्रंथातले बाकीचे लेख मी चाळले आहेत. सगळ्यांनी फार सुंदर लिहिलं आहे आणि जवळजवळ सगळ्यांनी शेवटी म्हटलं आहे, ताईंनी आता आराम करावा. लिहिणाऱ्यांचा मान राखून सांगते, कृपा करा आणि त्यांना आराम करायला सांगू नका. आरामाने त्या आजारी पडतील. पडल्याच आहेत.

लेखात घरातल्या गोष्टी आल्या आहेत, तेव्हा छापण्याआधी मी इथवरचा मजकूर ताईंना वाचून दाखवायला गेले. नानाही तिथेच सुपारी कातरत बसले होते. वाचून झालं. नाना म्हणाले, "मी कदी नको म्हनलो गं तिला?"

मी म्हटलं, "नाही म्हणालात. पण जा असंही कधी म्हणाला नाहीत, नाना."

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. ताईंकडे बघितलं, उठून आत गेले. मला वाटलं, घालवलं मी सगळं. पण ताईंचं लक्ष माझ्या हातातल्या कागदांवर होतं.

"ह्ये आख्खी दिघी वाचंल?" त्यांनी विचारलं.

"वाचेल. कंपनीतले वाचतील, भावकी वाचेल."

"मला काय काम न्हाई, तरी पळायचंय, ह्ये समद्यांना कळंल?"

"म्हणून तर लिहिलंय, ताई. नको असेल तर फाडते."

ताई उठल्या. ओट्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "छाप."

आदरणीय इंदूताईंना उदंड आयुष्य लाभो, त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, ही माझी आणि लताची मनापासूनची इच्छा. आणि हा लेख वाचणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून विनंती: एखाद्या पहाटे त्या तुम्हाला रस्त्यात दिसल्या, तर कुठे निघालात म्हणून विचारू नका. बाजूला व्हा आणि वाट द्या.