मेलेल्यांचा कापूस

“चाची, ही घ्या. आमच्या आप्पांची गादी. जाळून टाका.”

“ठिव की तिथं ओट्यावर. दिवस झालं व्हय?”

“काल झालं. अव्वा म्हणली, घरात ठिवायची न्हाय. गावकुसाभाईर न्हेऊन जाळा, राख बी घराकडं येऊ देऊ नका.”

“राख घेऊन तुज्या घरला कोन येयलंय बाबा? सावरीची हाय न्हवं ही? तू उचलली तवाच कळलं. फुलावानी हलकी.”

“सावरीचीच. जैनोद्दीनचाचांनीच भरलेली.”

तेवढ्यात आतून आवाज आला. हंबरल्यासारखा, लांब, मधेच तुटलेला. मल्लिनाथनं आपल्या चपलांकडं बघितलं.

“माज व्हय?”

“मग आनि कोन? मला काय दोन-चार ल्योक हायेत?” हमिदाबी म्हणाली.

मल्लिनाथ छोटा हत्ती टेम्पोत बसून निघून गेला. गावातल्या मोठ्या किराणा दुकानाचा तो मालक, परवापरवापर्यंत मालकाचा पोरगा. बाप शरणबसप्पा गेल्या पंधरवड्यात झोपेतच गेला.

हमिदाबी पिंजारी. येरमाळ्याला हायवेच्या कडेला पत्र्याचं दुकान, वर पाटी ‘जैनोद्दीन गादी घर’. जैनोद्दीन म्हणजे तिचा नवरा. तो जाऊन बरीच वर्षं झाली, पाटी तशीच. माहेर भूमचं. बाप पिंजणीची कमान खांद्यावर टाकून गावोगाव हिंडायचा, ही मागनं काठी घेऊन. लग्न झालं तेव्हा सासरी येताना तिच्या केसांत कापूस होता म्हणतात, आणि अजूनही तो निघाला नाही. घरात दखनी बोलते, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि भांडण लागलं की दोन्ही एकदम.

आमच्याकडं मेलेल्या माणसाची गादी कुणी घरात ठेवत नाही. दिवस झाले की पिंजाऱ्याच्या ओट्यावर आणून टाकायची. पिंजाऱ्यानं ती ओढ्याच्या पलीकडं नेऊन जाळायची. हिंदू असो, मुसलमान असो, बौद्ध असो, ह्या बाबतीत सगळं गाव एका जातीचं. धंद्याचा कायदा तर त्याहून कडक. मेलेल्याचा कापूस जित्याच्या गादीत जाऊ द्यायचा नाही. बापानं तिला हे कलम्याच्या पाठोपाठ शिकवलं होतं.

हमिदाबी खोळ जाळायची. धूर निघायचा, गावाचं समाधान व्हायचं. कापूस घरात यायचा.

कारण आत माज होता. मल्लिनाथ आणि माज एकाच उन्हाळ्यात जन्मलेले. मल्लिनाथ रांगला, चालला, शाळेत गेला, नवरदेव झाला. माज होता तिथंच राहिला. मान धरत नाही, मुठी उघडत नाहीत, पाय कात्रीसारखे एकात एक. डोळे तेवढे फिरतात. घास भरवायचा तो बोटानं जिभेच्या मागं सारून. लोक म्हणायचे, देवाघरचं लेकरू हाय. म्हणायला कुणाचं काय जातंय! देवाघरच्या लेकराचं हागणं-मुतणं हमिदाबीच्याच घरी.

निजून निजून पाठ सोलायची. फोमच्या गादीवर ठेवला तर अंग उकडून फोड यायचे. कापूसच पाहिजे, तोही कोरडा, फुललेला. ओला झाला की दोन-तीन उन्हांत तो गोळा होतो, मग बदलायचा. असा जलमभर बदलायचा. आणि दुकानातल्या कापसावर तर घर चाललेलं.

म्हणून माजला मेलेल्यांनी निजवलं.

पहिल्यांदा उसवली ती शेजारच्या बनाबाईची गादी. म्हातारी पहाटे उठून घोगऱ्या आवाजात गाणी म्हणायची. तिच्या कापसावर माज निजला आणि पहाटेला गळ्यातून कायतरी सूर काढायला लागला. मग तात्याराव गुरुजींची आली. त्या गादीवर माज दाराकडं बघत राहायचा, कुणी उशिरा येतंय का बघितल्यासारखा. जैनोद्दीन गेला तेव्हा त्याचीही तिनं उसवली. सख्ख्या बापाचा कापूस मात्र लवकर गोळा झाला.

हे सगळं मनाचे खेळ, असं ती उजेडी म्हणायची. दिवेलागणीला म्हणत नव्हती.

आता ओट्यावर शरणबसप्पाची गादी पडलेली. सावरीचा कापूस, गावात दुसरा नाही. तरी तिचा हात पुढं होईना.

पोरगा लहान होता तोवर जैनोद्दीननं कुणापुढं हात पसरला नव्हता. पोरगा बापाएवढा झाला, उचलेना, तेव्हा तो एकदा ग्रामसभेत उभा राहिला. म्हणाला, अशी लेकरं गावात तीन-चार हायेत. गावाच्या पैशातनं एक बाई ठिवा, दिवसातनं एकदा घरोघर जाऊन उचलू लागंल. बाकीचं आमचं आमी बघतो. शरणबसप्पा उठला. माणूस वाईट नव्हता, मापात कधी काटा मारला नाही. शांतपणे म्हणाला, “जैनोद्दीन, राग धरू नको. ज्याचं लेकरू त्यानंच बघायचं असतंय. आज गावानं एकाला हात लावला तर उद्या जो तो आणून पंचायतीच्या दारात ठिवंल.” माना हलल्या. जैनोद्दीन खाली बसला तो बसलाच. पुन्हा कधी उठला नाही त्या सभेत.

आणि आज त्याच शरणबसप्पाच्या अंगाखालचा कापूस.

दुपारच्याला दीर इरशाद आला, हमिदाबीची लेक उम्मेहानी हिला कळंबहून, तिच्या सासरहून, फटफटीवर घेऊन. कारण तिघांनाही माहीत होतं. हमिदाबीच्या छातीत कापूस बसलाय. दहा पावलं चालली की भात्यासारखी धापते. डॉक्टरनं सांगितलं, कापूस सोड. सोडला तर खायचं काय, आणि नाही सोडला तर माजला कोण?

“भाभी, मी सरळ बोलतो,” इरशाद म्हणाला. “कागद करू. दुकान माज्या नावावर, पोरगा माज्या गळ्यात. येत्या जुम्म्याला सही करा.”

“गळ्यात कशाला, हातात घे की. आत्ताच घे. ओला झालाय.”

“आत्ता? आत्ता मी पांढऱ्या कपड्यावर आलोय.”

“तो काय रंग बघून मुतत न्हाय.”

उम्मेहानी उठली, तिनं भावाला पुसलं, पण एकटीला तो पालथा होईना. घामाघूम होऊन भिंतीला टेकली. “अम्मी, एक संस्था हाय म्हणे लांब. पण हातानं जेवणारी लेकरंच घेतेत. आनि माज्या सासूला मी कसं...”

“तुला कोन म्हणायलंय, न्हे म्हणून?”

“तू म्हणत न्हाईस. तेच लागतंय.”

दोघं चहा पिऊन गेली. फटफटीचा आवाज हायवेवरच्या गाड्यांत मिसळला. हमिदाबीला प्रत्येक नमाजात एकच मागणं यायचं, माज्या आधी त्याला न्हे. ते ओठावर यायचं आणि ती लगेच म्हणायची, न्हाय न्हाय, ऐकू नको. मागायचं आणि माघारी घ्यायचं. अल्लाला तरी काय कळत असंल ह्या बाईचं!

उन्हं कलायच्या आत तिनं शरणबसप्पाची गादी उसवली. खोळ ओढ्यापलीकडं नेऊन पेटवली. कापूस झटकला, नव्या खोळीत भरला, टाके घातले. “शरणबसप्पा, आता तुमी बगा,” म्हणत माजला सरकवत सरकवत वर घेतला.

माज निजला. असा कधी निजला नव्हता. कण्हणं कमी, अंग सैल. सकाळी उन्हं अंगावर आली तरी हलेना, तेव्हा तिनं त्याच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास होता. बोट काढताना आपल्याला नेमकं काय वाटलं, ते तिनं स्वतःलाही विचारलं नाही.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी ती लग्नाच्या गादीला दाभण मारत बसली होती. मल्लिनाथ आला. डोळे जागरणानं तांबारलेले. उभ्यानंच म्हणाला, “चाची, गादी जाळली न्हवं?”

“कामून?”

“अव्वाच्या सपनात आप्पा येयलेत. रोजच. म्हणतेत, माज्या छातीवर कोनतरी निजलंय, उठवा त्याला. काल अव्वानं इचारलं, कोन हाय ओ? तर म्हणले, बोलत न्हाय. नुस्तं कण्हतंय.”

हमिदाबीच्या हातातला दाभण कापसात तसाच राहिला. हायवेवरनं एक ट्रक गेला, पत्रे थरथरले. ‘जाळली’ म्हटलं की झालं असतं. ओढ्यापलीकडं राख होती दाखवायला. जित्या माणसाशी ती आयुष्यभर खोटं बोलली होती. पण ज्यानं तिकडनं निरोप धाडलाय, त्याच्याशी?

“आत ये,” ती म्हणाली.

मल्लिनाथ दारात वाकून आत आला. कोपऱ्यात माज. अंगाखाली निळ्या पट्ट्यांची गादी.

“खोळ जळाली. कापूस तुज्या बापाचा हाय.”

मल्लिनाथचं तोंड पांढरं पडलं. “आजवर किती जणांचा...?”

“ज्यांचा आला त्या समद्यांचा.”

“मग लग्नाच्या गाद्यात बी?”

“खुदा की कसम, न्हाय. मेलेल्यांचा फकस्त ह्याच्या अंगाखाली. हा तसा बी निम्मा तिकडचाच.”

“गावात कळलं तर तुमच्या दारात कुत्रं येनार न्हाय, चाची.”

“व्हय. सांगायलास का?”

त्यानं माजकडं बघितलं. मग एकदम जोरात म्हणाला, “काढा ती. आत्ताच्या आत्ता. माज्या डोळ्यांदेखत जाळा.”

“काढते. माजं कुठं न्हाय म्हणणं? पन मला दम हाय. त्याला तू उचल.”

मल्लिनाथ वाकला. धान्याची पोती उचलायचा हात होता त्याचा. पण पोतं मान टाकत नाही.

“मानंखाली हात घाल. तसा न्हवं, वरनं. आता कमरंखाली. हां.”

माज वर आला. त्याचे पाय ताठ होऊन भिंतीला लागले. तोंडातली लाळ मल्लिनाथच्या खांद्यावर उतरली आणि एक मूठ शर्टाच्या कॉलरमध्ये अडकून आवळली गेली. एकाच उन्हाळ्यातले दोघं, पण मल्लिनाथनं त्याचं तोंड एवढ्या जवळनं आज पहिल्यांदा बघितलं. दाढीचे खुंट होते. कानाजवळ चार पांढरे केसही.

हमिदाबी गादी काढायला वाकली नाही. कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“चाची, लवकर.”

ती तशीच.

“चाची, हात भरून यायलेत. कुठं ठिवू ह्याला?”

खाली उघडी फरशी होती, कालची ओल धरलेली.

“कुठं ठिवू, सांगा की!”

“मलाच इचारतूस व्हय?” हमिदाबी म्हणाली. “हेच म्या इचारायले इतकी वर्सं. गावाला इचारलं. दिराला इचारलं. लेकीला मनातल्या मनात इचारलं. कुनी सांगितलं असतं तर तुला न्हाय का सांगितलं?”

मल्लिनाथचे दंड थरथरायला लागले. तो तसाच उभा. माजनं त्याच्या कानाशी एक लांब आवाज काढला. मग मल्लिनाथ हळूच गुडघ्यावर बसला आणि त्यानं माजला होता तिथंच ठेवला, बापाच्या कापसावर. कॉलरमधलं एक-एक बोट सोडवलं. उठला, शर्टाची लाळ न पुसता बाहेर पडला. जाळायचं त्यानं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी येरवाळीच, दुकान उघडायच्या आधी, ओट्यापाशी येऊन उभा राहिला.

“पालथं करायचंय का?”

“अव्वा निजली व्हय काल?”

“निजली,” तो म्हणाला. “आप्पा आलेच न्हाईत.”

तेव्हापासून तो येतो. रोज नाही. मधे एखाददिवशी चुकतो, मग त्याच्या दुसऱ्या दिवशी हटकून येतो, तांबारलेल्या डोळ्यांनी. हमिदाबी काही विचारत नाही. हा दयेपोटी येत नाही, हे तिला पक्कं कळलंय, आणि त्याचंच तिला बरं वाटतं. दया चार दिवसांची. भ्या जलमाला पुरतं.

त्यानं गावात सांगितलं का नाही, तिला माहीत नाही. ह्या लग्नसराईत दोन गिऱ्हाइकं ओट्यापर्यंत येऊन उगंच इकडचं तिकडचं बोलली आणि माघारी फिरली. आता कुणाची गादी जाळायला आली की ती सरळ विचारते, “जाळू का ठिवू?” कुणी दचकून म्हणतं, जाळा, आमच्या डोळ्यापुढं जाळा. एखादा मान खाली घालून निघून जातो. तो कापूस ती ठेवते.

ठरलेल्या जुम्म्याला इरशाद कागद घेऊन आला.

“सही करते,” हमिदाबी म्हणाली. “आधी आठ दिवस मल्लिनाथच्या जागी तू उचल.”

“तो मल्लिनाथ कोन लागतो आपला?”

“तो कुनी न्हाय. त्याचा बाप लागतो.”

“भाभी, तुमचं डोस्कं फिरलंय.” कागद तिथंच टाकून तो गेला. त्या कागदावर सध्या पिंजायच्या मशीनच्या तेलाचा डबा असतो.

माजला पुढं कोण, हे काही सुटलं नाही. हमिदाबीच्या डोक्यात मात्र एक बसलंय. आपण गेलो की आपलीही गादी कुणीतरी आणून ओट्यावर टाकील. ओटा आपलाच. मग आपण जायचं एकेकाच्या सपनात. इरशादच्या, उम्मेहानीच्या सासूच्या, ग्रामसभेत माना हलवलेल्या समद्यांच्या. उठवा, असं म्हणायचं नाही. पालथं करा म्हणायचं. पाठ सोलायलीय त्याची.

आज मल्लिनाथ आला नाही. उन्हं डोक्यावर आली, आत माजचा आवाज चढला. हमिदाबीनं गुडघा त्याच्या पाठीला लावून, दात खाऊन, दोन झटक्यांत त्याला एकटीनं कुशीवर वळवला. मग उंबऱ्यावर बसून दम खाल्ला. शरणबसप्पाचा कापूस कडेनं गोळा व्हायला लागला होता.

“मल्लिनाथ, आजची रात तुज्या अव्वाची काय खरी न्हाय,” ती रस्त्याकडं बघून म्हणाली.

मग तोंडाला फडकं बांधलं, मशीनचा पट्टा चढवला आणि नवरीच्या गादीचा नवा कोरा कापूस मूठमूठ आत सोडायला लागली.