अब्दुलअहद उस्ताची जाड भिंत

अब्दुलअहद उस्तासारखा गवंडी निनवेच्या मैदानी मुलखात दुसरा नव्हता. ओळंबा न लावता तो भिंत सरळ चढवी. माणसांशी मात्र वाकड्यातच बोले.

गावात चर्च एकच, पण मधोमध भिंत. अलीकडे ऑर्थोडॉक्स, पलीकडे कॅथलिक. भिंत उस्ताच्या आजोबांनी घातलेली. उस्ताची एकुलती बहीण शमूनी पलीकडच्या पुत्रुसशी लग्न करून गेली, तेव्हापासून उस्तानं तिच्याशी अबोला धरला.

त्यातच एका वर्षी पलीकडचा ईस्टर आठवडाभर आधी आला. अलीकडे अजून ईस्टरआधीचा झावळ्यांचा रविवार, पोटात उपास, आणि भिंतीतून 'प्रभू उठला!'च्या आरोळ्या. प्रार्थना सुटल्यावर पुत्रुस अंगणात हसत म्हणाला, "मेव्हणे, आमचा उठलासुद्धा. तुमचा अजून क्रुसावरही चढला नाही! जरा घाई करा की!"

उस्तानं त्याचे दोन दात पाडले. पुत्रुसच्या भावानं पितळी मेणबत्तीदान उस्ताच्या डोक्यात घातलं. अंगणातल्या फरशीवर रक्त सांडलं, बायकांनी एकमेकींच्या झिंज्या उपटल्या.

टाके सुकायच्या आत उस्तानं आपल्या बाजूनं भिंतीला दुसरा थर चढवला. हातभर जाड, दगडाचा.

"उस्ता, देवाला त्यांचं ऐकू जाईलच की," अलीकडचे पाद्री अबूना याकूब म्हणाले.

"जाऊ दे. मला नको."

बारा वर्षं त्याला काही ऐकू आलं नाही.

मग लढाई गावापर्यंत आली. पुन्हा तसाच रविवार होता, पलीकडे ईस्टर आणि अलीकडे झावळ्यांचा. तोफेचा गोळा पलीकडच्या छतावर पडला. दाराकडचं छत खचून तिकडचं एकुलतं दार गाडलं गेलं, पडद्यांनी पेट घेतला. अलीकडचे लोक झावळ्यांऐवजी हातात धरलेल्या ऑलिव्हच्या फांद्या टाकून पळाले. उस्ता भिंतीला कान लावून उभा राहिला. आत दीडशे माणसं आगीत कोंडली होती, आणि भिंतीतून हूं की चूं नाही. काम इतकं चोख झालं होतं.

शेजारच्या घरातून त्यानं घण आणला. दुसरा गोळा अंगणात फुटला, एक कपची त्याच्या खांद्यात घुसली. घण थांबला नाही. अबूना याकूब झगा खोचून पहार घेऊन आले. निसटलेला दगड त्यांच्या पायावर पडला, बोटं चेचली. जीव तोडून पाऊण तास घाव घातले, तेव्हा नवा थर ढासळला. आजोबांच्या भिंतीपलीकडून बुक्के ऐकू आले.

"कोण आहे?" बाईचा आवाज.

"मी."

बुक्के थांबले. मग, "दादा? हळू नको मारूस. धूर फार आहे."

"बाजूला सरक, शमे!"

भोक पडलं. आधी पोरं, मग म्हातारी, मग शमूनी. तिचे केस होरपळले होते. पुत्रुस आतून एकेकाला उचलून देत होता. शेवटी उस्तानं हात आत घातला तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता. धुरानं घुसमटून मेला होता. दीडशेतले एकशे एकोणचाळीस वाचले.

अंगणात शमूनी दगडांवर बसली. बराच वेळ तिनं भावाकडे पाहिलं नाही.

"जुनीच भिंत असती तर तो जगला असता."

"हो," उस्ता म्हणाला.

त्याचे तळवे सोलून निघाले होते, कपच्या रुतल्या होत्या. शमूनीनं त्याचा हात ओढून मांडीवर घेतला, केसांतली पिन काढली आणि एकेक कपची उपसू लागली.

"हलू नकोस," ती म्हणाली.