मागील शिक्षेचा रकाना

इंग्रजांच्या अमदानीत मी बेळगावच्या फौजदारी कोर्टात कारकून होतो. आरोपीच्या कागदावर ‘मागील शिक्षा’ असा एक रकाना असे आणि तो भरायचं काम माझं. पूर्वी शिक्षा भोगलेला चोर पुन्हा सापडला, की पंच्याहत्तर कलमाखाली त्याच्या महिन्यांची वर्षं होत. मला ते कलम फार आवडे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, मग असल्यांना बाहेर ठेवायचंच कशाला, असं मी टिळकवाडीत चारचौघांना ऐकवत असे.

एकदा पेठेतल्या एका दुकानातून सुताच्या चार लडी चोरताना पकडलेला माणूस समोर आला. दाढी वाढलेली, खांद्यावर घोंगडं. मी जांबोटीचा गुराखी, पहिल्यांदाच चुकलो, म्हणाला. पोलिसांनाही ते पटलं होतं. दोन-तीन महिन्यांत सुटला असता.

रकान्यात ‘नाही’ लिहायला मी टाक बुडवला, तेवढ्यात त्याच्या हातांकडे लक्ष गेलं. त्याच्या धोतराचा काठ उसवला होता. मॅजिस्ट्रेट साहेबांना उत्तरं देता देता त्यानं दोन तुटकी टोकं चिमटीत धरली, पिळली आणि न बघता सांधून टाकली. गुराखी असं करत नाही. जन्मभर मागावर बसलेल्याच्या बोटांनाच तुटका धागा सहन होत नाही. मग मला दाढीआडचा चेहराही दिसला. हा शहापूरचा विणकर, सुताच्याच चोरीत दोनदा आत गेलेला, आणि दोन्ही नोंदी माझ्याच हातच्या.

मधल्या सुट्टीत व्हरांड्यात गाठून मी त्याला तसं सांगितलं. त्यानं नाकारलं नाही.

“आण्णा, गप ऱ्हावा,” तो हळू म्हणाला. “घरात दोन पोरं हायत. मी आत गेलो तर माग कोन चालवनार?”

“चोरताना आठवली न्हाईत व्हय रं पोरं?” मी म्हटलं.

रकाना मी ठळक अक्षरांत भरला. खटला वरच्या कोर्टात गेला आणि चार लडींना सात वर्षं मिळाली. साहेबांनी माझ्या नजरेचं कौतुक केलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? आता पेठेतल्या सुताला कोणी हात लावणार नाही, असं मी छातीठोकपणे सांगत सुटलो.

वर्षसुद्धा गेलं नाही. त्याच दुकानातून लडी लांबवताना एक बाई सापडली. चौकशीत कळलं, ती त्याच विणकराची बायको. माग विकून झाला होता, भांडीही गेली होती. नवऱ्याला केवढी शिक्षा झाली ते ठाऊक नव्हतं का, असं साहेबांनी दरडावून विचारलं.

“ठावं व्हतं की, सायेब,” ती म्हणाली. “सात वर्सं पोरं उपाशी कशी ऱ्हातील?”

साहेबांनी तिचा कागद माझ्याकडे सरकवला. मी टाक बुडवला आणि रकान्यात ‘नाही’ लिहिलं. मग मान वर करून तिचा चेहरा नीट बघून घेतला. पुढच्या वेळी ओळखायला चूक व्हायला नको होती.