म्हसोबाची फुलं आणि इग्वाना

रविवारी सकाळी माण गावातल्या खोलीसमोरून स्कूटर बाहेर काढली, तेव्हा घरमालक दारात दात घासत होते. "सुट्टीच्या दिशी कुटं?" "सरडा पकडायला," म्हटल्यावर ते पुन्हा दात घासायला लागले. मला सवय आहे. आठवडाभर मी आयटी पार्कात सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते आणि सुट्टीला मुळशीत बाहेरून आलेले सरडे. माणसं हौसेनं एखादा परदेशी प्राणी पाळतात, झेपेनासा झाला की रानात सोडतात. मग तो कुठं पसरतोय, काय फस्त करतोय हे बघायला आमच्यासारखे रिकामटेकडे लागतात.

या वेळी ऑफिसच्या ग्रुपवर फोटो आला होता. कासार आंबोलीत उंबराच्या फांदीवर दक्षिण अमेरिकेतला इग्वाना! हिरवागार, गळ्याखाली झोळी, पाठीवर काटे. कुठल्या तरी बंगल्यातून सुटलेला असणार. स्कूटरवर माझ्या मागे पोतं आणि चादर घेऊन सहकारी निखिल बसला होता. पिरंगुटला त्यानं मिसळ हाणली, कट अंगावर सांडला आणि उरलेला रस्ता शर्टाचं दुःख मला ऐकवलं. दोन्ही बाजूंना खाचरांतला भात पिवळा पडला होता, हवेत छान गारवा होता. मी तर खूश होते.

उंबर सापडला. खाली शेंदूर लावलेला म्हसोबा, शेजारी एक घर. अंगणात भाकऱ्या थापणाऱ्या सुमनमावशींना सरड्याचं विचारलं, तर त्यांनी आम्हालाच विचारलं, "कंपनीतली का तुमी? दुपारी काय खाता?"

"कॅन्टीनचं," निखिल म्हणाला. "आणि रडतो."

"ऐकलं का?" मावशी नवऱ्याकडं वळल्या.

तात्या बाजेवरून उठलेसुद्धा नाहीत. मग भांडण समजलं. मावशींना पुढच्या खोलीत कंपन्यांतल्या पोरांसाठी खानावळ काढायची होती. तात्यांचं म्हणणं, लोक नावं ठेवतील. शेवटी म्हसोबाला कौल लावायचा ठरला, म्हणजे देवाला विचारायचं. दोन खांद्यांवर दोन जास्वंदी चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. यांच्यात देवावर नजर ठेवून बसत नाहीत. फुलं लावायची, पाठ फिरवायची आणि न्याहारी झाल्यावर बघायला जायचं.

"तर दोन्ही गायब," तात्या म्हणाले. "रोज. देव रुसलाय."

"रुसला न्हाई. त्याला भूक लागलीया," मावशी म्हणाल्या. "आता त्योबी जेवायचंच बोलतोय."

निखिलनं माझ्याकडं पाहिलं. इग्वाना जास्वंदीवर जीव टाकतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक. मावशींची सगळी आशा त्या गायब फुलांवर, आणि ती मीच मोडणार होते. पण सांगितलं.

"मग तुमी बघा," मावशी शांतपणे म्हणाल्या. "आमी पाठ फिरवतो."

त्यांनी फुलं लावली. उन्हं फांदीपर्यंत आली तसा इग्वाना सावकाश खाली उतरला, उजवी जास्वंद खाल्ली, मग डावी. निखिलनं चादर टाकली आणि शेपटीचा असा फटकारा खाल्ला की मिसळीचा डाग विसरला. थंडीनं सुस्तावला होता म्हणून सापडला, नाहीतर आम्ही कसले पकडतोय.

पोतं बघून तात्या पोट धरून हसले. "ह्यो व्हय तुझा देव? आता मी लावतो फुलं."

त्यांनी फुलं लावून पाठ फिरवली. मावशींनी आम्हाला पिठलं-भाकरी वाढली. तात्याही जेवले. मग आम्ही बघायला गेलो. उजवी जास्वंद जागेवर होती. डावी खाली पडली होती. म्हणजे नकार.

मला त्या सरड्याचा आणि स्वतःचा भयंकर राग आला. तात्यासुद्धा हसले नाहीत.

"आज तुमी इचारलं," मावशी म्हणाल्या. "मी इचारलं तवा त्यानं न्हाई म्हनलं न्हवतं." आणि निखिलच्या हातावर आणखी एक भाकरी ठेवली.

निघताना तात्या स्कूटरपाशी आले. बराच वेळ आरसा पुसत राहिले. "ते... कॅन्टीनला रडनारे किती हायेत तुमच्याकडं?"

"लई," मी म्हणाले आणि ऑफिसचा पत्ता सांगितला.

परतीच्या वाटेवर इग्वाना प्राणी बचाव केंद्रात सोपवला. ओठाला जास्वंदीचा तुकडा तसाच होता. बाहेरून आलेला जीव इथलं काय काय बिघडवतो, एवढंच मी आजवर बघत आले. मीही अकोल्याहून आलेली, पण माझ्याबद्दल हा प्रश्न कधी पडला नव्हता. या खेपेला मात्र उरलेला दिवस एकच विचार करत होते, मावशींचं काय झालं असेल?

सोमवारी दुपारी ऑफिसच्या गेटवर तात्या उभे. हातात डब्यांची पिशवी, पिठल्याचा वास पार रस्त्यापर्यंत.

"आणि म्हसोबा?" मी विचारलं.

तात्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. "पयला डबा त्याच्या म्होरं ठेवून आलोय," ते म्हणाले. "पाठ फिरवून."