नानांची भूक

आमचे नाना आजारी गाईच्या पोटाला हात लावायच्या आधी डोक्याला लावत. नाना म्हणजे माझे धाकटे दीर. नाशिकला गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते, मलमपट्टी करायचे. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, म्हणून राहायला-जेवायला आमच्याच मळ्यात.

"वहिनी, भूक पोटात नसते, डोक्यात असते," हे त्यांचं रोजचं. ट्रेनिंगला साहेबांनी सांगितलं होतं म्हणे, उंदराच्या मेंदूतला मोहरीएवढा भाग जाळला, तर तो दाण्यांच्या ढिगात उपाशी मरतो. जवळचाच दुसरा जाळला, तर खातच सुटतो.

"मग तुमचा तो दुसराच जळलाय, भाऊजी. ही पाचवी भाकरी."

ते हसत आणि सहावी मागत.

खात नसलेल्या जनावराच्या नाकाशी ते लसूणघासाची हिरवी काडी धरत. नाक हललं पण तोंड उघडलं नाही, तर दुखणं पोटात, औषध चालेल. नाकच हललं नाही, तर "डोक्यातली भूकच गेली" म्हणत आणि उठत.

आमच्यात अशा जनावराला बांबूच्या नळ्याने तेल पाजायची रीत. आमची गाय खाईना तेव्हा नाना ड्युटीवर होते. मी नळा घातला. तेल फुफ्फुसात गेलं, तिसऱ्या दिवशी गाय मेली. मला वाटलं शिव्या देतील. म्हणाले, "तिला नको होतं, वहिनी. तुम्हाला पाहिजे होतं."

रिटायर झाल्यावर त्यांच्याच डोक्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. हळूहळू खाणं सुटलं. मी गरम भाकरी, वर ठेचा, त्यांच्या नाकाशी धरली. नाक हललं नाही. मला कळलं.

तरी पेज केली. "भाऊजी, दोन घास."

"नको."

"उपाशी मराल."

"मरेन. नळा आणू नका."

नळा नाही आणला. चमचा आणला. जबडा धरून भरवलं. ठसका लागला, छाती घरघरू लागली. चौथ्या दिवशी गेले. बायका म्हणाल्या, वहिनीने शेवटपर्यंत भरवलं. भरवलं खरं.

दहाव्याला गोदावरीवर पिंडाला कावळा शिवेना. समोरच्या भिंतीवर दहा-बारा बसलेले, एक उतरेना. "वहिनी, तुम्ही काहीतरी कबूल करा, तुमच्या हातचं आवडायचं त्यांना," सगळे मागे लागले. मी हात जोडलेच नाहीत. कावळ्यांना नको होतं. आम्हाला पाहिजे होतं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला.