प्रभाचं फायरआबेंड

मॉरिशस म्हटलं की आमच्या म्युनिकच्या मराठी मंडळींना फक्त हनिमून आठवतो. प्रभाला भेटेल तो समुद्राबद्दल विचारतो. ती शांतपणे सांगते, "समुद्र मी बसच्या खिडकीतून पाहत असे. फॅक्टरीत जाताना. परतताना अंधार असे." विचारणाऱ्याचा चेहरा पडतो आणि मला फार बरं वाटतं.

प्रभा मॉरिशसची मराठी. घरात तिकडची क्रिओल बोली, मराठी मात्र शाळेत शिकलेली, त्यामुळे बोलते पुस्तकासारखं. समोर गरम बटाटेवडे असले तरी "संध्याताई, मला अत्यंत भूक लागली आहे," असंच म्हणणार. इथे मुरलेला आमचा उल्हास मॉरिशसला सुट्टीला म्हणून गेला आणि लग्न ठरवून आला. ते 'अत्यंत' ऐकूनच पडला असणार प्रेमात.

तिकडे ती युरोपात जाणारे स्वेटर शिवायची. ऑर्डर जायची असली की ओव्हरटाइम सक्तीचा. एकदा वडिलांना दवाखान्यात नेल्याचा निरोप आला. सुपरवायझर म्हणाला, आधी ऑर्डर. ती तरीही उठली. "यू आर फायर्ड!" तो पाठीमागून ओरडला. वडील बरे झाले, नोकरी गेली ती गेलीच. हे ऐकल्यापासून दुकानात स्वेटरच्या आतलं 'मेड इन मॉरिशस'चं लेबल दिसलं की माझं डोकं फिरतं.

म्युनिकमध्ये तिला फ्राउ हुबर यांच्या शिवणघरात काम मिळालं, एका वर्षाच्या करारावर. बाई मनाने चांगल्या, पण तोंडात कायम टाचण्या. पहिल्या दिवशी चार वाजता त्या टाचण्यांमधूनच गरजल्या, "फायरआबेंड, प्रभा!"

प्रभाला तेव्हा जर्मन जेमतेम यायचं. आबेंड म्हणजे संध्याकाळ, एवढं ठाऊक होतं. फायर तर चांगलंच ठाऊक होतं. तिने मशीन घट्ट धरलं आणि रडायलाच लागली. बाईंनी घड्याळ दाखवलं, तिचा कोट आणून दिला, शेवटी दंडाला धरून दारापर्यंत पोचवलं. त्यामुळे तर तिची खात्रीच पटली.

रस्त्यातूनच तिने मला फोन केला. मी पोट धरून हसले आणि मग सांगितलं, "अगं, फायरआबेंड म्हणजे आजचं काम संपलं. घरी जा, उद्या ये."

तिने विचारलं, "ताई, यासाठी स्वतंत्र शब्द आहे?"

मग माझं हसू थांबलं.

पुढच्या सप्टेंबरात ऑक्टोबरफेस्टच्या जत्रेसाठी डिर्न्डलची, म्हणजे इथल्या बायकांच्या त्या फुगीर बाह्यांच्या झग्यांची, मोठी ऑर्डर आली. प्रभाचा करार संपत आला होता आणि तिला कायम करायचं की नाही, हे फ्राउ हुबर ठरवणार होत्या. नेमकं तेव्हाच त्यांनी जाहीर केलं, आज कुणी उठायचं नाही. इकडे तिची लेक मनु किंडरगार्टनमध्ये आईची वाट बघत होती आणि उल्हास कामासाठी वोल्फ्सबुर्गला गेलेला.

चार वाजले. प्रभा उठली, कोट घातला आणि म्हणाली, "फ्राउ हुबर, फायरआबेंड."

सगळी मशीनं थांबली. प्रभा निघून आली.

"ताई, मला पुन्हा काढणार," ती फोनवर म्हणाली. खुशाल काढू देत, असं मी तावातावाने म्हटलं. माझं काय जातंय म्हणायला? त्या मशीनवर बसली की ती उल्हासची बायको नसायची, मनुची आई नसायची, नुसती प्रभा असायची. ते जाणार म्हणून ती घाबरली होती, आणि खरं सांगायचं तर मीही.

दुसऱ्या दिवशी फ्राउ हुबर तिच्याशी अवाक्षर बोलल्या नाहीत. चार वाजता मात्र तिच्या मशीनपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"प्रभा," त्या म्हणाल्या. "फायर..." आणि ओठांतली टाचणी घसरली म्हणून थांबल्या. टाचणी काढून त्यांनी मनगटावरच्या टाचण्यांच्या गादीत खोचली. प्रभाने मशीन घट्ट धरलेलं.

"...आबेंड. नवा करार टेबलावर ठेवलाय. उद्या सही कर, आता घरी जा, मुलगी वाट बघत असेल."

प्रभा पुन्हा रडली. यावेळी बाईंनी घड्याळ दाखवलं नाही, नुसता तिचा कोट उघडून धरला.

संध्याकाळी मला फोन आला. "ताई, मी अद्याप नोकरीत आहे. आणि मला अत्यंत भूक लागली आहे."

मी वडे तळायला घेतले.